कुसुमलतेचा कवड्या

जगातल्या प्रत्येक जिवाला दोन गोष्टी लागतात: अन्न आणि नाव. अन्न तो स्वतः शोधतो. नावासाठी मात्र त्याला समितीपुढे यावे लागते, आणि साप असेल तर बहुधा मेलेल्या अवस्थेत, स्पिरिटच्या बाटलीत, वेटोळे करून यावे लागते. ही पद्धत कुणाला कठोर वाटेल. पण तिच्यामुळेच जगाचा गाडा सुरळीत चालला आहे. नाव नसलेला साप चावला तर माणूस कशाने मेला हे सांगता येत नाही, आणि कशाने मेला हेच सांगता येत नसेल तर तो मेला असे तरी कोणत्या आधारावर म्हणायचे?

श्रीलंकेतल्या गलवेवच्या लोकांना हे कळत नव्हते. तळ्याकाठचे भातशेतीचे गाव. इथे मण्यारीला करवला म्हणतात आणि सुक्या मासळीला करवल. त्यामुळे ‘घरात करवला आहे’ असे कुणी म्हणाले की अर्धे लोक काठी आणतात आणि अर्धे ताट घेऊन बसतात. (मराठी लग्नात करवला नवरदेवाच्या मागे उभा राहतो. इथला सरळ अंथरुणात शिरतो.) अशा ढिसाळ लोकांना शिस्त लागावी म्हणून सरकारने सर्पनामनिश्चिती मंडळ स्थापन केले. मंडळात तीन सदस्य होते, आणि तिघांचे कधी एकमत होणार नाही याची नेमणुकीच्या वेळीच काळजी घेतली होती.

अध्यक्ष प्राध्यापक सोमतिलक वेलगेदर. जगात कोणतेही दोन साप सारखे नसतात, असे त्यांचे मत. एक तळे ओलांडले की त्यांना नवी जात सापडे. दुसरे डॉक्टर ऑस्वल्ड जयकोडी, कोलंबोचे. त्यांच्या मते जगात साप मुळात फार थोडे असून उरलेले सगळे वेलगेदरांनी केलेले आहेत. हे दोघे कॉलेजात एका खोलीत राहत, एका डब्यातले सार्डिन खात. गेली वीस वर्षे मात्र ते एकमेकांशी फक्त तळटीपांतून बोलत होते. तिसरे उक्कुबंडा वैद्य, म्हणजे गावाचे वेदमहत्तया. परंपरेचा मान राखण्यासाठी त्यांना घेतले होते. त्यांच्या शास्त्रात सापांच्या चार जाती: राजा, ब्राह्मण, व्यापारी आणि शेतकरी. कोणता साप चावला हे ते साप न बघता सांगत. निरोप घेऊन आलेला माणूस कोणत्या पायावर उभा आहे एवढे बघितले की त्यांना पुरे होई. एकदा एक लंगडा निरोप घेऊन आला, तेव्हा तेवढे निदान जरा लांबले.

आता कुसुमलताबाईंविषयी. या वेलगेदरांच्या पत्नी आणि गलवेवच्या मुलींच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिका. गणित शिकवत. लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा इतर नवरे साडी आणतात, बांगड्या करतात. वेलगेदरांनी बायकोला एक साप दिला. शाळेच्या मागच्या लाकडांच्या ढिगात त्यांना तो मिळाला होता. त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘कुसुमलतेचा कवड्या’ आणि एका परदेशी पत्रिकेत त्याचे सविस्तर वर्णन छापले: ‘अंग काळे, चकचकीत. स्वभाव शांत. दिवसभर निजून असतो. हाताळल्यास डोके वेटोळ्यात लपवतो. मनुष्यवस्तीत रमतो. चावत नाही. पूर्णतः बिनविषारी.’

शिक्षकांच्या खोलीत हे वर्णन मोठ्याने वाचले गेले. ‘दिवसभर निजून असतो’ याला टाळ्या पडल्या. बाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पुढे मात्र पंचक्रोशीत कौतुक होऊ लागले, आमदाराच्या बायकोच्या नावाने साधा बेडूकही नाही हे लक्षात आले, आणि बाईंचा राग हळूहळू मावळून त्याच्या जागी एक संकोचयुक्त अभिमान आला. साप आपला आहे, बिनविषारी आहे आणि शास्त्रात आहे. एवढे किती बायकांना लाभते?

जयकोडींनी लगेच तळटीप लिहिली: ‘हा कवड्या नसून साधी मण्यार आहे. पाठीच्या कण्यावरचे षटकोनी मोठे खवले पाहावेत. नाक आणि डोळा यांच्यामधला खवला नाही, तेही पाहावे. शक्य असल्यास दुरून.’

वेलगेदरांचे उत्तर मात्र लाजवाब होते. कवड्या हा मण्यारीची नक्कल करतो हे सर्वमान्य आहे. बहुतेक कवड्यांची नक्कल कच्ची असते, म्हणून ते ओळखू येतात. या जातीची नक्कल इतकी परिपूर्ण आहे की मण्यारीत आणि तिच्यात एकही फरक उरलेला नाही. फरक नसणे हाच ती वेगळी असल्याचा पुरावा. उरला स्वभाव. त्यासाठी त्यांनी एकशे अठरा निरीक्षणे केली होती, सगळी सकाळी दहा ते बारा या वेळेत. (मण्यार दिवसा सुस्त असते आणि रात्री हिंडते, हे खरे. पण संशोधन भत्ता दिवसाचाच मिळतो.)

मंडळात मतदान झाले. वेलगेदर बाजूने, जयकोडी विरुद्ध. उक्कुबंडांनी विचारले, “व्यापारी जातीचा आहे असं लिहिणार का?” वेलगेदर म्हणाले, “लिहू की, वेदमहत्तया.” ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मग वेलगेदरांनी स्वतःच्या हाताने कलम सात लिहिले: ‘मंडळाने बिनविषारी ठरवलेल्या जातीच्या दंशावर रुग्णालयांनी मंडळाच्या ठरावाशिवाय लस देऊ नये. दिल्यास ती जात विषारी असल्याचा गैरसमज पसरतो.’

हे कलम सगळीकडे नावाजले गेले. उंदीर चावला तरी लस मागणारे लोक होतेच. शिवाय लस भारतातून येते, पुरवून वापरावी लागते, आणि ज्याला तिची गरज नाही त्याला ती बाधूही शकते. कलमात काही चूक नव्हती. यादी तेवढी बरोबर हवी होती.

शाळेत सापांच्या तक्त्याचे अनावरण ठरले, तेव्हा वेलगेदरांनी जिवंत साप आणला. बाईंच्या घरची उशीची खोळ, तिच्यावर शिवणाच्या वर्गातल्या मुलींनी भरलेले ‘गोड स्वप्ने’, आणि त्यात कुसुमलतेचा कवड्या. वेळ सकाळी अकराची. पाहुणे बसले, दिवा लागला. वेलगेदरांनी खोळीत हात घातला.

“मुलींनो, भीती हे अज्ञानाचं दुसरं नाव,” ते म्हणाले. “हा बघा. तुमच्या बाईंसारखाच. कधी कुणाला चावलाय?”

मुलींच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, “साप का बाई, सर?”

सगळे हसले. वेलगेदरही हसले, हात जरा हलला, आणि सापाने त्यांच्या अंगठ्याजवळ तोंड टेकवले. बाई पहिल्याच रांगेत होत्या. त्यांना ते चावल्यासारखे दिसले.

“अहो!”

“काही नाही, काही नाही. तोंड घासतोय. कात टाकायला आला असेल.”

“रक्त आलंय.”

“थेंबभर आलंय. मण्यार असती तर इतका वेळ बोललो असतो का?”

या युक्तिवादावर पाहुण्यांनी माना डोलावल्या. (मण्यार चावल्यावर माणूस बराच वेळ छान बोलतो. किंबहुना पहिल्या तासात जे बोलतो तेच त्याच्या घरचे पुढे आठवत बसतात.) साप खोळीत गेला. चहा आला, काकवीत मळलेल्या पिठाचे तळलेले कवुम आले. वेलगेदरांनी आपण ठणठणीत असल्याचे दाखवण्यासाठी पाच कवुम खाल्ले. थोड्या वेळाने त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा शाळेच्या स्वयंपाकिणीला बोलणी बसली. मग आभार मानायला मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांना झोप लागत असल्याचे सर्वांच्या लक्षात आले. कुणाला त्यात वावगे वाटले नाही. भाषणच तसे होते.

बाईंना तेवढे वाटले. त्यांनी नवऱ्याकडे निरखून बघितले. नवरा झोपलेला नव्हता. तो डोळे उघडायचा प्रयत्न करत होता.

सरकारी रुग्णालयात डॉक्टर तर्शिनी नवरत्नम होत्या. बाईंनी सवयीने आधी उशीची खोळ पुढे केली.

“मॅडम, पिशवी बाहेर ठेवा आणि माणूस आत आणा,” तर्शिनी म्हणाल्या. “इथे रोज उलटं होतं. सापाला खुर्ची मिळते आणि पेशंट दारात उभा राहतो.” मग त्या वेलगेदरांकडे वळल्या. “सर, वर बघा. डोळे उघडा.”

“उघडलेत,” वेलगेदर म्हणाले. डोळे अर्धे मिटलेले होते.

“सर, या पापण्या मण्यारीच्या आहेत.”

“पापण्यांवरून सापाची जात ठरत नाही. खवल्यांवरून ठरते.”

“पापण्यांना खवले नसतात, सर.”

“म्हणून तर त्या पुरावा नाहीत.”

तर्शिनींनी लसीच्या बाटल्या मागवल्या. वेलगेदरांनी हाताने थांबवले. “बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.”

“नाग, घोणस, फुरसं, मण्यार.”

“कवड्या?”

“नाही.”

“मग ती माझी नाही.”

तर्शिनींनी बाईंना बाजूला घेतले. “मॅडम, मला ते कलम सात दाखवू नका. मी ते पाठ केलंय आणि मोडायला तयार आहे. पण ते शुद्धीवर आहेत आणि नको म्हणताहेत. जबरदस्तीने सुई टोचली तर हात झटकतील. आणि मण्यारीचा माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो, हाच त्याचा घोळ आहे. थोड्या वेळाने त्यांचा श्वास थांबायला लागेल. नळी तयार ठेवते. तेवढ्यात तुम्ही त्यांचं मन वळवा.”

पंचवीस वर्षांच्या अनुभवावरून बाईंना ठाऊक होते की हे काम आपल्या हातचे नाही. वेलगेदरांचे मन बायकोने आजवर फक्त एकदा वळवले होते, तेही पडद्यांच्या रंगाबाबत. त्यांना खरोखर हलवू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो सुदैवाने गावातच होता. जयकोडी तक्त्याच्या समारंभाला जाहीरपणे गैरहजर राहण्यासाठी खास कोलंबोहून येऊन विश्रामगृहात उतरले होते.

“ऑस्वल्ड मल्ली,” बाई फोनवर म्हणाल्या. मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. लग्न झाले त्या वर्षापासून त्या त्यांना तसेच हाक मारत. “ह्यांना चावलंय.”

“कोण चावलं?”

“मी.”

“तुम्ही?”

“म्हणजे माझ्या नावाचा तो. लवकर या.”

जयकोडी तीनचाकीतून आले, पायात विश्रामगृहाच्या सपाता आणि हातात भिंग. त्यांच्या आधी उक्कुबंडा येऊन बसले होते. निरोप सांगायला गेलेला शाळेचा ड्रायव्हर डाव्या पायावर उभा राहून कान खाजवत होता. त्यावरून चावणारी मादी, व्यापारी जातीची आणि पोटुशी असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढून ठेवला होता. ते लिंबे कापत होते.

जयकोडींनी आधी खोळीकडेच धाव घेतली. ज्याच्यावर तळटीपा लिहिल्या तो जीव त्यांनी जिवंत पाहिला नव्हता. काठीने खोळ सारून त्यांनी भिंगातून पाहिले, आणि त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा उजळला. “अहाहा, काय सुरेख मण्यार आहे! षटकोनी खवले बघा अक्का, एकेक कसा कोरून काढल्यासारखा. आता बोल म्हणावं सोमतिलकला. आता बोल!”

मग ते खाटेकडे वळले.

वेलगेदर बोलायचा प्रयत्न करत होते. लाळ गिळता येत नव्हती, ती ओठाच्या कडेने येत होती. बाई एका हाताने ती पुसत होत्या. जयकोडींचे भिंग हळूहळू खाली आले. उजळलेला चेहरा विझला.

“लस दे त्याला,” ते तर्शिनींना म्हणाले.

“घेतली... म्हणजे...” वेलगेदर मोठ्या कष्टाने म्हणाले, “तू... जिंकलास.”

“अरे गाढवा, जिंकायचंय कुणाला?”

“तुला. वीस वर्षं.”

हे खरे होते. बाईंनी दोघांकडे बघितले. एक जण मरत होता आणि दुसरा त्याला वाचवू बघत होता, आणि तरी दोघांमध्ये तो एक खवला होता, नाक आणि डोळ्यांमधला, जो नव्हताच. बाईंच्या मनात आले, पाटी मागवावी आणि दोघांना कोपऱ्यात उभे करावे. पण शाळेतली युक्ती वापरायला शाळेतला वेळ लागतो. त्या जयकोडींजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “मल्ली, ह्यांना हरलो म्हणून जगता येत नाही. पण तुम्हाला येईल का?”

जयकोडींनी त्यांच्याकडे बघितले. मग त्यांनी घसा साफ केला.

“कलम सातनुसार,” ते मोठ्याने म्हणाले, “मंडळाची तातडीची सभा भरवण्यात येत आहे. तिन्ही सदस्य हजर आहेत. अध्यक्षस्थानी अध्यक्ष.”

सर्पनामनिश्चिती मंडळाच्या इतिहासात ही सभा सर्वांत कमी वेळ चालली आणि एकमेव अशी, जिच्यात अध्यक्ष आडवे होते. अध्यक्षांना पुरावा बघता यावा म्हणून त्यांच्या पत्नीने अंगठ्याने त्यांची उजवी पापणी वर धरली. जयकोडींनी भिंग धरले. तर्शिनींनी घड्याळाकडे बघितले आणि नळीची पेटी उघडली.

“अय्या,” जयकोडी म्हणाले. वीस वर्षांत ते वेलगेदरांना अय्या, म्हणजे दादा, म्हणाले नव्हते. “मी आज साप जवळून बघितला. तुझं बरोबर आहे. हा कवड्याच आहे.”

वर धरलेल्या पापणीखालचे बुबुळ हलले.

“माझं चुकलं ते हे, की मी नक्कल खवल्यांपर्यंतच आहे असं धरून चाललो. तुझी जात परिपूर्ण नक्कल करते. म्हणजे ती तिथे का थांबेल? नक्कल विषापर्यंत पोहोचली आहे, अय्या. तिने मण्यारीचं विषही उचललंय. जगातला पहिला विषारी कवड्या. तो तुला सापडला आणि तुलाच चावला. विषाची नक्कल असल्यामुळे त्यावर मण्यारीची लस चालते. बाटलीवर नाव नसलं तरी चालते. असा ठराव मी मांडतो.”

उक्कुबंडा वैद्यांनी लिंबू खाली ठेवले. “पोटुशी आहे, हे लिहिणार का?”

“लिहू,” जयकोडी म्हणाले.

“माझं अनुमोदन.”

सर्वांनी अध्यक्षांकडे बघितले. त्यांचे ओठ हलले. बाईंनी कान जवळ नेला.

“काय म्हणतायत?” जयकोडींनी विचारले.

बाईंनी डोळे मिटले. “म्हणतायत, ‘तुझी वीस वर्षं चूक झाली, हे इतिवृत्तात घे.’”

तर्शिनी खाटेच्या पलीकडून म्हणाल्या, “मी यांना इथेच सोडून घरी जाऊ का?”

“घ्या लिहून,” जयकोडी म्हणाले. “वीस वर्षं चूक झाली. स्पष्ट अक्षरात लिहा.”

मतदान हात वर करून घ्यायचे होते. अध्यक्षांचा हात उठेना. हात न उठल्यास तटस्थ धरावे असा नियम, आणि अध्यक्ष तटस्थ राहिले की ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबतो. तेव्हा कुसुमलताबाईंनी नवऱ्याची पापणी सोडली, त्याचे मनगट धरले आणि त्याचा हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला. तर्शिनींनी पडदा ओढला, सुई टोचली, आणि थोड्याच वेळात नळी घातली. वेलगेदरांच्या वतीने यंत्र श्वास घेऊ लागले. यंत्राला मत नव्हते, त्यामुळे त्याचे काम अडले नाही.

ते वाचले. आठवडाभराने नळी निघाली, आवाज परत आला, आणि आवाज परत आल्यावर पहिले वाक्य बाईंनी अपेक्षिले होते तसेच निघाले. “साप जपून ठेवलाय ना? प्रबंध लिहायचाय.”

प्रबंध लिहिला गेला आणि गाजला. ‘नकलेची अंतिम पायरी’ म्हणून परिषदांत वेलगेदरांची व्याख्याने झाली. लस देण्यापूर्वी पापण्या मिटतात आणि दिल्यावर उघडतात, यावरून विषाची नक्कल किती अचूक आहे हे सिद्ध होते, असे ते आकृती काढून दाखवत. मंडळाने यादी दुरुस्त केली. कुसुमलतेचा कवड्या ‘शांत, बिनविषारी’ रकान्यातून निघून ‘प्राणघातक’ रकान्यात गेला. शाळेत तक्ता बदलला. त्या दिवसापासून बाई वर्गात शिरल्या की टाचणी पडली तरी ऐकू येई. पंचवीस वर्षे छडी वापरून जे साधले नव्हते ते एका रकान्याने साधले.

जयकोडींची मात्र दैना झाली. साऱ्या बेटावरच्या मण्यारी एकाच जातीच्या, हा त्यांचा मोठा ग्रंथ छापखान्यात होता. तो त्यांनी परत मागवला. इतिवृत्तातले वाक्य सर्व विद्यापीठांना गेले होते, स्पष्ट अक्षरात. त्यांचे विद्यार्थी एकमेकांना डोळे मारत. एकाने तर मार्गदर्शक बदलून मागितला. सरांचे मत टिकत नाही, असे कारण दिले. कोलंबोच्या ज्या चहाच्या दुकानात ते रोज संध्याकाळी वाद घालत, तिथे आता ते एकटे बसत.

कुसुमलताबाई तिथेच त्यांना भेटायला गेल्या. सोबत मडक्यात म्हशीचे दही आणि बाटलीत काकवी. दुकानदाराकडून दोन वाट्या मागून घेतल्या.

“ह्यांचं कालचं व्याख्यान ऐकलंत?” बाईंनी विचारले.

“नाही.”

“म्हणाले, ‘जे माझ्या मित्राला वीस वर्षं भिंगातून दिसलं नाही, ते मला अंगठ्यावर दिसलं.’ लोक हसले.”

जयकोडीही हसले. चमचा वाटीत फिरवत राहिले. “चांगलं वाक्य आहे. पूर्वी खोलीत असली वाक्यं तो मला आधी ऐकवायचा.”

“मी सांगते ह्यांना. सगळं सांगते. त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते.”

“तुम्ही सांगितलंत, तर तो मानणार नाही. आणि समजा मानलंच, तर पुन्हा आजारी पडेल.” त्यांनी दह्यावर काकवी ओतली. “अक्का, आमच्या धंद्यात माणूस मेला की त्याचं मत अमर होतं. जिवंत राहिला तर निदान कधीतरी बदलेल, अशी आशा असते.”

“हे बदलतील?”

“छे,” जयकोडी म्हणाले.

बाईंना हसू आले आणि ते आवरता आवरता डोळ्यांत पाणी आले. जयकोडींनी ते बघितले नाही असे दाखवले आणि दही चांगले लागले आहे असे दोनदा सांगितले. ते खरोखरच चांगले लागले होते. मग बाईंनी विचारले, ग्रंथाचे काय करणार? ते म्हणाले, ठेवून देईन. पुढच्या एखाद्याला सापडेल. बाई म्हणाल्या, तोपर्यंत लोक मरतील त्याचे काय? जयकोडी म्हणाले, लोक मरणार नाहीत. साप आता ‘प्राणघातक’ रकान्यात आहे, चावल्यावर लस मिळते. नाव चुकलं, औषध बरोबर. यादीचा याहून चांगला शेवट त्यांनी तरी पाहिला नव्हता.

एका गोष्टीचा अंदाज मात्र त्यांना आला नाही. जगात खरे कवड्या सापही आहेत. घरातल्या पाली खाऊन जगणारे, अंगात विषाचा थेंब नसलेले, नक्कल करून कसेबसे जीव वाचवणारे. त्यांच्यापैकी कुणी हा प्रबंध वाचला नव्हता.

‘सावधान! कवड्याही विषारी निघाला! श्रीलंकेच्या शास्त्रज्ञांचा धक्कादायक शोध’ ही बातमी समुद्र ओलांडून महाराष्ट्रात आली, ती फोनवरून. तुमच्याकडेही ती आली होती. तुम्ही ती बहीणभावंडांच्या ग्रुपवर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलीत, खाली जोडलेल्या हातांचे चिन्ह आणि ‘माहिती म्हणून’ हे शब्द लिहून. पुढे पार्किंगमध्ये एक वीतभर काळा-पांढरा साप निघाला, तेव्हा वॉचमनने काठी धरली होती आणि पहिल्या मजल्यावरचे काका व्हिडिओ काढत होते. तुम्ही काहीच केले नाहीत. जिन्यात तिसऱ्या पायरीवर उभे राहून, चपला हातात धरून, तुम्ही फक्त म्हणालात, “विषारीच असणार.”

मग वॉचमनने काठी हाणली.